हिवतापाची फरदड ठेवू नका

पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून पुरता उतरलेला नाही. मूग-उडीद निघाले, कपाशीची खालची बोंडं भरताहेत, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की केळीवाल्यांची ठिबकसाठी धावपळ सुरू होते. कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावलेच असतील. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले की गुलाबी बोंडअळीची तयारी करायची, हे आता शाळेतलं पोरगंही सांगतं. उत्तरा आणि हस्त या दोन नक्षत्रांत तेवढीच नजर आणखी एका किड्यावर ठेवा. तो बोंडात शिरत नाही, माणसाला चावतो. कापूस वेचायच्या ऐन दिवसांत घरातला एक माणूस गोधडी पांघरून हुडहुडत पडला की किती मजुरी बुडते, हा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको.

हिवताप म्हणजे मलेरिया. तो गढूळ पाण्याने होत नाही, दूषित हवेने होत नाही, रात्री दही खाल्ल्यानेही होत नाही. ॲनोफिलीस जातीची डासमादी रोग्याचं रक्त पिते, त्यातला परजीवी तिच्या पोटात वाढतो आणि पुढच्या माणसाला ती चावली की त्याच्या अंगात जातो. आपल्या खेड्यापाड्यांत या कामात पुढे असते ती ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस. ही बाई चोखंदळ आहे. गटारात अंडी घालत नाही. तिला लागतं स्वच्छ, उन्हातलं, थांबलेलं किंवा अगदी संथ वाहणारं पाणी. म्हणजे नेमकं शेतातलं पाणी. गावातली गटारं उपसली, धूर मारला, फोटो काढले, की मलेरियाचं काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. (गटारातल्या डासांनी हत्तीरोग होतो आणि झोपेचं खोबरं होतं, म्हणून गटार उपसूच नका असं नाही.)

आता वेळेचा हिशेब पाहा, कारण सगळी मेख तिथे आहे. या दिवसांतल्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला 7 ते 10 दिवस लागतात. त्या डासाने मलेरियाचा रोगी चावला की परजीवी त्याच्या अंगात तयार व्हायला आणखी साधारण 10 ते 14 दिवस जातात. तेवढं जगला तरच तो डास धोक्याचा. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 ला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा डास इतके दिवस तग धरत नाही. भाद्रपद-आश्विनात हवेत ओल असते, ऊब असते, नाल्यांत डबकी असतात. सगळं त्याच्या सोयीचं. चावा बसल्यावर ताप यायलाही बहुधा 10-15 दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून आज ज्याला थंडी वाजली त्याला पोळ्याच्या आसपास कधीतरी डास चावलेला असतो, आणि आज तुमच्या हौदात वळवळणारी अळी दसऱ्यानंतरचा ताप आहे.

शिवारात कुठे पाहायचं ते सांगतो. पाऊस धो धो असतो तेव्हा नाल्याच्या वाहत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत, वाहून जातात. पाऊस थांबला, धार बारीक झाली, की खडकांतल्या खळग्यांत आणि सिमेंट बंधाऱ्याच्या कडेला पाणी साचून राहतं. गिरणा, पांझरा, तापी या नद्यांच्या पात्रांत वाळू उपसून केलेले खड्डे तर डासांसाठी खास बांधल्यासारखे. पाटचारी फुटली असेल तिथली पाणथळ, विहिरीजवळचा हौद, ठिबकचा फिल्टर धुतला की ज्या खड्ड्यात पाणी जातं तो खड्डा, व्हॉल्व्हची चेंबरं, गुरांचं पाणी प्यायचं टाकं, वापरात नसलेली विहीर. आणि शेततळं. शेततळ्याच्या मध्यावर वारा लाटा उठवतो, तिथे अळी फारशी नसते. ती असते काठाला, जिथे शेवाळ आणि पाणगवत आहे. प्लास्टिकचा कागद टाकलेल्या तळ्याचा काठ घासून साफ ठेवला तर अर्धं काम होतं.

केळीच्या बागेबद्दल एक गैरसमज आहे, रावेर-यावलकडे हटकून ऐकू येतो, की केळीमुळे मलेरिया वाढतो. केळीच्या खोडात किंवा पोग्यात (न उलगडलेल्या पानाच्या गुंडाळीत) हा डास वाढत नाही. दाट सावली आणि गारवा यामुळे मोठे डास दिवसा तिथे दडतात एवढं खरं. मोकाट पाणी देऊन सरीत आठवडाभर पाणी साचवलं तर मात्र दोष केळीचा नाही, पाणी भरणाऱ्याचा. ठिबकने हा प्रश्न बराच कमी केला. पांझराकाठच्या जुन्या फड पद्धतीतही एक शहाणपण होतं. बारेकरी, म्हणजे शेतांना पाणी देणारा गडी, पाळीने पाणी द्यायचा, पाळी संपली की चारी कोरडी पडायची. अळीला 7 दिवस सलग पाणी मिळालं नाही की ती मेलीच. आरोग्य खातं ज्याला कोरडा दिवस म्हणतं तो हाच. हौद आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची, कडा घासायच्या, उन्हात सुकू द्यायच्या. दिवस ठरवून घ्या, बाजाराचा दिवस ठेवला तर विसरत नाही.

अळ्या तपासायला वरणाचा डाव किंवा पांढरी ताटली पुरते. काठाजवळचं पाणी हलक्या हाताने घ्या. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली असेल तर ती ॲनोफिलीसची. डोकं खाली आणि शेपूट वर करून लटकलेली असेल तर दुसऱ्या डासांची. बसलेला डास भिंतीशी तिरका, शेपूट वर केलेला दिसला तर तोही आपला आरोपी.

जे पाणी रिकामं करता येत नाही, म्हणजे विहीर, शेततळं, मोठा हौद, तिथे गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात, एका हौदात वाढवून गावभर वाटताही येतात. पण ते नदी-नाल्यात सोडू नका. ही परदेशी जात आहे, मोकळ्या पाण्यात गेली की देशी माशांच्या मुळावर येते. छोट्या डबक्यांत मुरूम टाकून बुजवणं सगळ्यात स्वस्त. जळकं ऑइल टाकायची पद्धत जुनी आहे, ती गुरं पाणी पितात किंवा पिकाला जातं अशा पाण्यात अजिबात नको. आणखी एक गोष्ट कपाशीवाल्यांना गंमतीची वाटेल. बीटी कपाशीत ज्या जीवाणूचा गुण घातलाय, त्याच कुळातला दुसरा प्रकार, इस्रायलेन्सिस, डासांच्या अळ्या मारतो. त्याची भुकटी आणि द्रावण मिळतं. कपाशीतली बीटी बोंडअळीवर, ही बीटी डासाच्या अळीवर, दोघींची अदलाबदल चालत नाही.

आणि कृपा करून शेतातलं औषध घरात फवारू नका. क्लोरपायरीफॉस नाहीतर प्रोफेनोफॉसचा उरलेला डोस गोठ्यात, खाटेवर, मच्छरदाणीवर मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. डास मरेल की नाही माहीत नाही, लेकरू नक्की आजारी पडेल. शिवाय पांढरी माशी एकच औषध मारून मारून कशी निर्ढावली हे आपण पाहिलंय. क्युलिसिफेसिस तशीच डीडीटीला निर्ढावली, मॅलॅथिऑनला निर्ढावली. शेतात पडणाऱ्या फवाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. आरोग्य खात्याची माणसं भिंतींवर फवारणी करायला येतील तेव्हा मात्र घर मोकळं करून द्या, देवघराची सबब सांगून आतली खोली सोडायला लावू नका, आणि नंतर अडीच-तीन महिने भिंत सारवू नका. सारवली की औषध शेणाखाली गेलं.

आता माणसाकडे येऊ. क्युलिसिफेसिसला खरं तर गुरांचं रक्त आवडतं. म्हणूनच गोठ्यात तिचा राबता असतो, आणि गोठ्याशेजारी नाहीतर खळ्यात उघड्यावर खाट टाकून झोपणारा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) तिच्या तावडीत आयता सापडतो. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला जाणारा, पाण्यावर जागणारा, रानडुकरांसाठी मचाणावर बसणारा, यांचंही तेच. हा डास अंधार पडल्यावर ते पहाटेपर्यंत चावतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायभर कपडे, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम, आणि झोपताना मच्छरदाणी. गोठ्यातला कडुनिंबाचा धूर चांगला, गुरांनाही बरं वाटतं, पण धूर विझला की डास परत. त्याच्या भरवशावर मच्छरदाणी सोडू नका.

औषधभारित मच्छरदाणी मिळाली असेल तर पहिल्यांदा सावलीत एक दिवस पसरून ठेवा, मग वापरा. धुवायची तर साध्या साबणाने, थंड पाण्यात, आणि वाळवायची सावलीत. ती साधारण 20 धुण्यांपर्यंत काम देते. नदीवर नेऊन आपटू नका, त्यातलं औषध माशांना विष आहे. मिरचीची रोपं झाकायला किंवा मासे धरायला ती दिलेली नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडेच नव्हे, चाळीसगावकडेही मी ती कोंबड्यांच्या खुराड्यावर पाहिली आहे.

ताप आलाच तर? थंडी वाजून हुडहुडी, मग कडक ताप, मग घाम फुटून अंग हलकं, हा नेहमीचा क्रम. एकाआड एक दिवस येणारा ताप म्हातारी माणसं बरोबर ओळखत. पण सुरुवातीला तो रोजही येतो, आणि फॅल्सिपॅरम जातीच्या मलेरियात तर असं काही वेळापत्रक नसतं. डेंगी, विषमज्वर, स्क्रब टायफस हेही याच दिवसांत असतात. बघून ओळखण्याचा नाद सोडा. पहिल्या 24 तासांत आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात रक्त तपासा. बोटाच्या थेंबावर किटने पाऊण तासाच्या आत कळतं, काचेवरचा नमुनाही घेतात. सरकारी तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा दुखण्याची सुई नको, डेंगी निघाला तर रक्तस्राव होऊ शकतो.

आमच्याच खळ्यावरची गोष्ट. जिभाऊ, म्हणजे आमचे जुने सालदार, चार दिवस ताप अंगावर काढत होते. एकाने सुई टोचली, सलाईन लावलं, रक्त काही तपासलं नाही. पाचव्या दिवशी उपकेंद्रात नेलं तर व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, निघाला. गोळ्या मिळाल्या. तीन दिवसांत उभे राहिले, विळा घेऊन चाऱ्याला निघाले. गोळ्यांचं विचारलं तर हसले, "आते बरं शे ना भाऊ!" उरलेल्या गोळ्या कोनाड्यात. माघ महिन्यात, डासाचं नावनिशाण नसताना, पुन्हा तीच हुडहुडी. दोष अर्धा माझा, मी पाठपुरावा केला नव्हता.

याला मी हिवतापाची फरदड म्हणतो. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात उभी ठेवलेली जुनी कपाशी. कपाशीची फरदड का ठेवू नये? शेतात वाळकी झाडं उभी राहिली की बोंडअळी त्यात मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर उतरते. व्हायवॅक्सचा परजीवी हेच करतो. रक्तातला मरतो, यकृतातला झोपून राहतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास चावला नसतानाही, उठून बसतो. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्त साफ होतं. यकृतातली झोपलेली पिलावळ काढायला प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या आहेत. चौथ्या दिवशी बरं वाटतं, दहाव्या दिवशी कंटाळा येतो, आणि तिथेच फरदड राहते. जेवण झाल्यावर गोळी घ्या, रिकाम्या पोटी घेतली तर पोटात कळ येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारा. फॅल्सिपॅरमचा उपचार वेगळा असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

प्रायमाक्विन सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना देत नाहीत. सातपुड्यातल्या काही आदिवासी घरांत रक्तात एका विकराची, जी-सिक्स-पीडीची, जन्मजात कमतरता असते. त्यांना या गोळीने रक्त फुटून लघवी काळसर होते. तसं दिसलं की गोळी थांबवून सरळ दवाखाना. नंदुरबारकडे सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो जीवावर बेतू शकतो, त्याने एक रात्रही थांबू नये, सिकलसेलचं कार्ड सोबत न्यावं.

रुग्ण बरळायला लागला, झटका आला, उठवून उठेना, डोळे पिवळे झाले, धाप लागली, लघवी चहासारखी झाली किंवा पोटात काहीच टिकेना, तर ती फॅल्सिपॅरमची भीती आहे. तेव्हा गाडी काढा. भगताकडे जायचं असेल तर नंतर जा, मी अडवणार नाही.

लसीचं लोक विचारतात. पुण्यातल्या कारखान्यात बनणारी मलेरियाची एक लस आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. आपल्या लसीकरणात ती नाही.

शेवटी मजुरांबद्दल. बडवानी-खरगोनकडून माणसं कापसाला येतात, आणि दसरा-दिवाळीनंतर आपल्या सातपुड्यातली कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. आजार तेच आणतात असं गावात बोललं जातं. परजीवी दोन्ही दिशांना प्रवास करतो, आणि झोपडीला दार नसणाऱ्याला तो आधी गाठतो. ज्याच्या शेतात मजूर राहतो त्याने त्याला मच्छरदाणी द्यावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल ठरवताना धान्य, कपडे, चपला बोलतो, त्यात हीही बोलून घ्यावी. किंमत एका औषधाच्या बाटलीएवढीसुद्धा नाही. तोडीला निघणाऱ्यांनी कोयत्याच्या गाठोड्यात मच्छरदाणी बांधावी, आणि गोळ्या चालू असतील तर उरलेल्या गोळ्या व तपासणीचा कागद सोबत घ्यावा. अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या होळीला सगळे परततात. त्या वेळी कुणाला थंडी वाजली तर ढोल थांबायची वाट पाहू नका. उपकेंद्रात जा, आणि आपण कुठल्या तालुक्यात, किती दिवस तोडीला होतो, हे न विचारता सांगा.