एमडीएफच्या शटरला रंग द्यायचा तर आधी कड सांभाळा

एमडीएफचा पृष्ठभाग रंगासाठी लाकडापेक्षा चांगला. त्याला रेघा नाहीत, गाठी नाहीत. लाकडाचे तंतू रेझिनमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनात, मिसळून गरम दाबाखाली बनवलेला हा बोर्ड, त्यामुळे कपाटाच्या शटरला, बेडच्या हेडबोर्डला, नक्षी कोरलेल्या पॅनलला तो शोभतो. सिंकखाली आणि बाथरूममध्ये मात्र लावू नका. पाणी शिरलं की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही.

बिजागरीचे खड्डे आणि स्क्रूची भोकं रंगाआधीच पाडून घ्या. कडेत स्क्रू मारायचा असेल तर आधी बारीक ड्रिल चालवा, नाहीतर बोर्ड उकलतो. सपाट बाजू २४० नंबरच्या सँडपेपरने घासा, पुसा, प्रायमरचा एक हात द्या.

आता कड. या पायरीने मलाही बराच काळ दमवलं. बोर्ड दाबताना वरचे थर घट्ट होतात आणि मधला भाग सैल राहतो. करवतीने कापला की हाच सैल भाग उघडा पडतो आणि रंग पीत राहतो. शटर चकचकीत आणि कड खडबडीत, हे त्याचंच फळ.

‘फेविकॉल पातळ करून लावा’ हा सल्ला ऐकू नका. गोंद घासताना पेपरला चिकटतो. भिंतीची पुट्टीही नको, दार आपटलं की तिचे टवके निघतात. पाण्याचा प्रायमर पहिल्या हाताला अजिबात नको, त्याने तंतू फुगून उभे राहतात.

पेपर लाकडी गुटक्याला गुंडाळा. कड आधी १८० ने, मग २४० ने घासा आणि टोकदार कोपरा किंचित गोल करा. धारदार कोपऱ्यावर रंग टिकत नाही, तो तिथूनच सुटतो. मग ऑइल बेस वुड प्रायमरमध्ये नेहमीपेक्षा जास्त टर्पेंटाइन घालून तो कडेत मुरू द्या. रात्रभर वाळवा. सकाळी कड हाताला काटेरी लागेल, तेव्हा पुन्हा २४० ने घासा. दुसरा हात दाट द्या, वाळवा, ३२० ने घासा. मग टॉर्च तिरपा धरून बघा. कड आणि सपाट बाजू सारखी दिसली तरच पुढे जा, नाहीतर तिसरा हात द्या. घाई केलीत तर महागडा रंगही ती कड झाकणार नाही.

घासताना एन९५ मास्क हवाच. ही धूळ फार बारीक असते आणि तिच्यात रेझिनही असतं. काम गच्चीवर करा, मुलांच्या खोलीत नको.

एनॅमलचे दोन पातळ हात फोमच्या रोलरने द्या, मध्ये ४०० चा पेपर हलका फिरवा. मागची बाजूही रंगवा. एकाच बाजूला रंग असला तर पावसाळ्यात शटर वाकू शकतं. रंग हाताला वाळलेला वाटला तरी आठवडाभर शटरं एकमेकांवर ठेवू नका. ती चिकटतात, आणि सोडवताना रंगाची सालं निघतात.