पुरात माणूस वाचवताना या चुका टाळा, आणि ट्रेनिंग हक्कानं मागून घ्या

पावसाळा तोंडावर आला की बोटी बाहेर निघतात, एखाद्या तलावावर डेमो होतो, फोटो निघतात आणि मान्सूनपूर्व तयारी झाली म्हणून बातमी येते. बोट आहे, जॅकेटं आहेत, सगळं मान्य, पण तलावाचं पाणी थांबलेलं असतं आणि पुराचं पळत असतं, त्या पळत्या पाण्यात ही बोट कुणी चालवलीय का हे कोणी विचारतच नाही. खाली लिहिलेल्या चुका भित्र्या लोकांकडून होत नाहीत, धाडसी पोरांकडूनच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "मी पट्टीचा पोहणारा आहे" म्हणत थेट उडी टाकणं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, तिथं विहिरीत शिकलेला हात चालत नाही. आधी काठावरून ओरडून सांगा, बांबू पुढं करा, नाहीतर दोरी फेका, मग बोट. पाण्यात माणूस उतरवायचा तो सगळ्यात शेवटी, तोही शिकलेला आणि जॅकेट-हेल्मेट घातलेला.

कमरेला दोरी बांधून माणूस सोडणं तर आपल्याकडं सर्रास चालतं. वरून मागं धरलंय म्हणून सगळे निवांत, पण दोरी ताणली की प्रवाह त्या माणसाला वर आणत नाही, खाली दाबतो, आणि ओली गाठ ताणाखाली सुटत नाही. रेस्क्यू जॅकेटला एका झटक्यात सुटणारा पट्टा असतो तो याचसाठी, तो नसेल तर माणूस बांधूच नका. नदीवर दोरी काटकोनात आडवी बांधली तर तिला मधेच झोळ येतो आणि पकडणारा तिथंच अडकतो. तिरकी बांधा, म्हणजे प्रवाहच त्याला काठाकडं सरकवत नेतो.

वाहून जाताना पाय टेकवायला बघू नका. पाणी गुडघाभर असलं तरी जोरात असेल तर पाय दगडात अडकतो, मागून पाणी ढकलतं आणि माणूस तोंडावर पडतो तो उठत नाही. उताणं व्हा, पाय वाहत्या दिशेला वर ठेवा, हातानं काठ गाठा.

बंधाऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नाही असं नदीकाठचं गाव आमच्याकडं सापडायचं नाही. पाणी वरून पडतं आणि खाली गोल फिरून परत भिंतीकडंच येतं, त्यामुळं तिथं सापडलेला माणूस, लाकूड, बोट, काहीही बाहेर पडत नाही. लांबून मात्र ते साधं पांढरं पाणी दिसतं. खालच्या बाजूनं बोट भिंतीजवळ नेणं म्हणजे आत्महत्याच, काठावरूनच दोरीनं काम करा. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची, बोट उलटली आणि जवानच गेले. नदी गणवेश बघत नाही, मग नुसती बोट हातात दिलेल्या गावातल्या पोरांचं काय होणार?

बोटीतल्या अडचणी वेगळ्याच. पुरात उसाचे फड, कुंपणाच्या तारा, विजेच्या तारा सगळं पाण्याखाली असतं, पंखा अडकून इंजिन बंद पडतं, म्हणून वल्ही आणि नांगर बोटीत हवेतच. बोट झाडाला आडवी लागली की सगळे घाबरून झाडापासून लांब, म्हणजे पाणी येतंय त्या बाजूला सरकतात, ती बाजू दबते, पाणी आत शिरतं आणि बोट पालथी होते. वजन टाकायचं झाडाच्या बाजूला. हे वाचून कळेल, पण त्या दोन सेकंदात अंगाला सवय असल्याशिवाय सुचणार नाही. आणि माणसं मोजून घ्या. ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली, ते पलूस तालुक्यात कुणाला नव्यानं सांगायला नको.

आता ट्रेनिंग कुठं, तर त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. कोलाडला कुंडलिकेत वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं, म्हणजे वेगवान पण अंदाज असलेलं पाणी महाराष्ट्रातच आहे, तिथं पर्यटक नेता तसे आपदा मित्र (आपत्तीत मदतीला सरकारनं तयार केलेले स्वयंसेवक), होमगार्ड आणि नदीकाठची भोई-कोळी पोरं पण न्या की. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, पण त्यांची टीम रस्ते बंद असताना सांगलीत पोचेपर्यंत पहिले कितीतरी तास गावच लढत असतं.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला लेखी विचारा, आमच्या टीमनं वाहत्या पाण्यात किती तास सराव केला, बोट चालवणारे कोण, उजळणी कधी. सर्टिफिकेट दाखवून गप्प बसवतील, तास विचारा. आणि हा विषय 1 मेच्या ग्रामसभेतच घ्या, 15 ऑगस्टला मांडून उपयोग नाही, तोवर पंचगंगा एकदा पात्राबाहेर येऊन गेलेली असते.