एअरलाइनरच्या सिम्युलेटरमध्ये फ्लाइट प्लॅन कसा भरावा

बोइंग ७३७ असो की एअरबस ए३२०, दोन्ही वैमानिकांच्या मधल्या पॅनलवर एक छोटा पडदा आणि त्याखाली कीबोर्ड असतो. बोइंगमध्ये त्याला सीडीयू म्हणतात, एअरबसमध्ये एमसीडीयू. विमानाने कुठून, कोणत्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती वजन घेऊन जायचे, हे सगळे इथूनच आतल्या संगणकाला सांगायचे असते. आता सिमब्रीफ या फ्लाइट प्लॅन बनवणाऱ्या संकेतस्थळावर बनवलेला प्लॅन एका बटणात आत ओढता येतो. ती सोय चांगली आहे, पण सुरुवातीची दहा-पंधरा उड्डाणे तरी प्लॅन हाताने भरा. आयात केलेल्या प्लॅनमध्ये काही बिघडले, तर ते कुठे आणि का बिघडले हे ज्याने हाताने भरले आहे त्यालाच कळते.

कीबोर्डची सवय

तुम्ही जे टाइप कराल ते आधी पडद्याच्या सर्वांत खालच्या ओळीत, म्हणजे स्क्रॅचपॅडमध्ये उमटते. मग ज्या रकान्यात ते टाकायचे त्या ओळीशेजारचे बटण दाबले की मजकूर वर जातो. रिकाम्या चौकोनांची रांग दिसली, तर तो रकाना भरलाच पाहिजे. बोइंगमध्ये तुटक रेषा असतील, तर तो ऐच्छिक असतो. सीएलआर बटण एकदा दाबले की एक अक्षर पुसले जाते, दाबून धरले तर सगळी ओळ.

बऱ्याच विमानांत पडद्यावर क्लिक करून संगणकाच्या कीबोर्डवरून टाइप करता येते. त्याआधी ती सोय खरोखर चालू झाली आहे ना, हे एक अक्षर दाबून बघा. ती बंद असेल तर तुमची अक्षरे पडद्यावर न जाता सिम्युलेटरला आज्ञा म्हणून पोचतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन या दोन्हींत 'जी' ही चाकांची कळ आहे, हे लक्षात असू द्या.

आधी कागद, मग कीबोर्ड

कॉकपिटमध्ये बसण्यापूर्वी एवढ्या गोष्टी समोर लिहिलेल्या हव्यात: निघण्याचा, उतरण्याचा आणि पर्यायी विमानतळ, पूर्ण मार्ग, क्रूझची (मधल्या सरळ उड्डाणाची) उंची, कॉस्ट इंडेक्स (वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे गुणोत्तर), इंधनाशिवायचे वजन म्हणजे झीरो फ्यूल वेट, एकूण इंधन, राखीव इंधन आणि मार्गाचे एकूण अंतर. सिमब्रीफच्या प्लॅनमध्ये हे सगळे असते. विमानतळाचा कोड चार अक्षरी आयकाओ कोडच वापरायचा. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड इथे चालत नाही.

याच कागदावर एआयआरएसी चक्राचा, म्हणजे नेव्हिगेशनच्या माहितीच्या आवृत्तीचा, आकडाही असतो. नेव्हिगेशनची माहिती दर २८ दिवसांनी बदलते. चक्राच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन त्या वर्षातल्या क्रमाचे. उदाहरणार्थ, २५०१ हे चक्र २३ जानेवारी २०२५ ला लागू झाले. कागदावरचे चक्र आणि विमानातले चक्र एकच असले पाहिजे. 'नॉट इन डेटाबेस' हा संदेश टायपिंगच्या चुकीमुळेच नव्हे, तर दोन्हीकडची चक्रे वेगळी असल्यामुळेही येतो. मार्गातला बिंदू किंवा हवाई मार्ग मधल्या काळात रद्द झालेला असतो किंवा त्याचे नाव बदललेले असते. बोइंगमध्ये आयडेंट पानावर आणि एअरबसमध्ये डेटा बटणाखाली विमानाच्या स्थितीच्या पानावर या माहितीच्या मुदतीच्या तारखा दिसतात.

मार्ग वाचायचा कसा

लंडन हीथ्रोहून फ्रँकफर्टला जाणारी ही एक वाट पाहा:

डीईटी एल६ डीव्हीआर एल९ कोनान एल६०७ एसपीआय टी१८० उनोको

ही इथे वाचन शिकण्यापुरती घेतली आहे. उडताना त्या दिवसाचा मार्ग नव्याने काढा. यात एक बिंदू, एक हवाई मार्ग, पुन्हा एक बिंदू असा क्रम आहे. डीईटी, डीव्हीआर आणि एसपीआय ही डेटलिंग, डोव्हर आणि स्प्रिमाँ इथली व्हीओआर केंद्रे, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारी जमिनीवरची रेडिओ केंद्रे. कोनान आणि उनोको हे नुसते नाव दिलेले बिंदू. एल६, एल९, एल६०७ आणि टी१८० हे हवाई मार्ग. याचा अर्थ असा: डेटलिंगपासून एल६ धरा, डोव्हरला तो सोडून एल९ घ्या, कोनानला एल६०७ वर वळा. मधले बिंदू तुम्हाला टाइप करावे लागत नाहीत, ते संगणक डेटाबेसमधून आपोआप भरतो. दोन नावांच्या मध्ये 'डीसीटी' असेल, तर तिथे कोणताही हवाई मार्ग न धरता सरळ जायचे.

बोइंग ७३७ मध्ये

पॉस इनिट पानावर निघण्याच्या विमानतळाचा कोड टाका. शेजारी अक्षांश-रेखांश येतील. त्यांच्या ओळीचे बटण दाबून ते स्क्रॅचपॅडमध्ये उतरवा आणि आयआरएसच्या, म्हणजे विमान कुठे आहे हे सतत मोजणाऱ्या यंत्रणेच्या, चौकोनांत टाका. आकडे हाताने टाइप करू नका. आयआरएसची जुळणी मध्यम अक्षांशांवर सुमारे १० मिनिटे चालते. तोवर विमान हलवायचे नाही, पुशबॅकही नाही.

मग आरटीई पान उघडा. पहिल्या पानावर दोन्ही विमानतळ आणि फ्लाइट नंबर, दुसऱ्या पानावर मार्ग. इथे डावा रकाना 'कशावरून' आणि उजवा 'कुठपर्यंत' असा आहे. पहिल्या ओळीत उजवीकडे डीईटी टाका, डावीकडे आपोआप 'डायरेक्ट' येईल. दुसऱ्या ओळीत डावीकडे एल६, उजवीकडे डीव्हीआर. तिसरीत एल९ आणि कोनान. याच पद्धतीने उनोकोपर्यंत जा. शेवटी ॲक्टिव्हेट, आणि एक्झेक या पक्के करण्याच्या बटणाचा दिवा लागला की एक्झेक.

धावपट्टी आणि सिड (धावपट्टीपासून मार्गापर्यंतची ठरलेली वाट) डेप/ॲर बटणाखाली मिळतात. आधी वाऱ्याची दिशा पाहा, मग धावपट्टी निवडा आणि तिच्यासाठी दिसणाऱ्या सिडमधून तुमच्या पहिल्या बिंदूवर संपणारा सिड घ्या. इथे डीईटीवर संपणारा हवा. धावपट्टी ठरण्याआधी सिड भरून ठेवणे म्हणजे दुप्पट काम.

एअरबस ए३२० मध्ये

इनिट पानावर दोन्ही विमानतळ एकाच रकान्यात, मध्ये तिरकी रेघ देऊन भरायचे. त्याच पानावर पर्यायी विमानतळ, फ्लाइट नंबर, कॉस्ट इंडेक्स आणि क्रूझची उंची. आयआरएसची जुळणीही इथूनच सुरू होते.

मग एफ-प्लॅन पान. एअरबसची खूण अशी लक्षात ठेवा: डावीकडची बटणे वाटेसाठी, उजवीकडची उंची आणि वेगासाठी. निघण्याच्या विमानतळाशेजारचे डावे बटण दाबून 'डिपार्चर' घ्या, धावपट्टी आणि सिड निवडा, मग 'इन्सर्ट'. सिडचा शेवटचा बिंदू डीईटी असेल, तर त्याचे डावे बटण दाबून 'एअरवेज' घ्या आणि हवाई मार्ग व बिंदूंच्या जोड्या भरा. दिलेला बिंदू त्या हवाई मार्गावर नसेल, तर 'एडब्ल्यूवाय/डब्ल्यूपीटी मिसमॅच' असा संदेश येतो. बहुतेकदा एखादी जोडी गाळलेली असते. कागदावर बोट ठेवून मागे जा, ती सापडते. 'इन्सर्ट' होईपर्यंत सगळे तात्पुरते असते आणि ते पिवळ्या रंगात दिसते.

एकाच नावाचे दोन बिंदू

जगात एकाच नावाचे अनेक बिंदू आणि बीकन, म्हणजे जमिनीवरची रेडिओ केंद्रे, आहेत. असे नाव टाकले की संगणक यादी दाखवतो आणि निवड विचारतो. घाईत पहिलेच नाव दाबणे ही सवय लागू देऊ नका.

२० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या काली विमानतळावर उतरणाऱ्या एका बोइंग ७५७ च्या वैमानिकांना रोझो नावाच्या बीकनकडे जायचे होते. चार्टवर त्याचे चिन्ह 'आर' होते, म्हणून त्यांनी 'आर' एवढेच टाइप केले आणि यादीतले पहिले नाव स्वीकारले. ते नाव बोगोटाजवळच्या रोमिओ या दुसऱ्याच बीकनचे होते. रात्रीच्या अंधारात, दरीतून उतरणारे विमान डावीकडे वळू लागले. चूक लक्षात आली तेव्हा समोर डोंगर होता. १६३ पैकी १५९ जणांचा मृत्यू झाला. रोझोचे पूर्ण नाव टाइप केले असते तर योग्य बीकन मिळाला असता.

सिम्युलेटरमध्ये जीव जात नाही, पण चूक हुबेहूब हीच होते. यादी आली की प्रत्येक नावाशेजारचे अक्षांश-रेखांश वाचा, आणि मागच्या-पुढच्या बिंदूंशी जुळणारे नाव घ्या. मग नकाशावर रेघ बघा आणि त्यानंतरच एक्झेक किंवा इन्सर्ट दाबा. हा क्रम कधीच उलटा करू नये.

मधला खंड

सिड आणि मार्ग किंवा मार्ग आणि स्टार (मार्गापासून उतरण्याच्या विमानतळाकडची ठरलेली वाट) यांचे सांधे जुळले नाहीत, तर 'डिस्कंटिन्युइटी', म्हणजे खंड, येते. विमान तिथे पोचले की संगणकाला पुढची वाट माहीत नसते. ७३७ मध्ये एलएनएव्ही (आपोआप वाट धरून उडण्याची सोय) सुटते, एअरबसमध्ये तीच सोय, म्हणजे नॅव्ह, सुटून विमान आहे त्या दिशेने सरळ जात राहते.

खंड मिटवायला बोइंगमध्ये लेग्ज पानावर पुढच्या बिंदूचे बटण दाबून तो स्क्रॅचपॅडमध्ये आणा आणि चौकोनांच्या ओळीवर टाका. एअरबसमध्ये सीएलआर दाबून खंडाच्या ओळीचे बटण दाबा. मात्र प्रत्येक खंड चूक नसतो. काही सिड आणि स्टारचा शेवट 'व्हेक्टर्स' किंवा 'मॅन्युअल' असा असतो. तिथून पुढची दिशा नियंत्रक देतो, आणि तो खंड मुद्दाम ठेवलेला असतो. तो मिटवला तर विमान नियंत्रकाची वाट न पाहता स्वतःच वळेल. म्हणून आधी चार्ट पाहा, मग हात लावा.

स्टार जोडल्यावर आणखी एक दोष हमखास दिसतो. मार्ग स्टारच्या पहिल्या बिंदूच्या पुढे गेलेला असतो, मग विमान पुढे जाऊन परत मागे येते. नकाशावर टाचणीच्या आकाराचे वळण दिसेल. तिथला जादा बिंदू काढून टाका.

वजन आणि इंधन

टाकीत किती इंधन आहे हे संगणकाला सेन्सरवरून कळते. विमानात किती माणसे आणि सामान आहे हे त्याला कळत नाही, तुम्ही सांगाल ते तो खरे मानतो. म्हणून आधी विमानाच्या टॅबलेटवरून प्रवासी, सामान आणि इंधन खरोखर भरा, आणि तिथे दिसणारा आकडाच पुढे वापरा.

७३७ मध्ये परफ इनिट पानावर फक्त झीरो फ्यूल वेट भरा, एकूण वजन संगणक स्वतः काढतो. एकूण वजनाचा आकडा चुकून झीरो फ्यूल वेटच्या रकान्यात टाकला, तर इंधन दोनदा मोजले जाते. एअरबसमध्ये हा रकाना इनिटच्या दुसऱ्या पानावर असतो आणि त्यात गुरुत्वमध्य व वजन तिरक्या रेघेने वेगळे करून भरतात, जसे २८.५/५९.४. नुसते वजन द्यायचे असेल तर आधी रेघ, मग आकडा. हे पान इंजिने सुरू झाल्यावर नाहीसे होते. राहिलेच, तर फ्यूल प्रेड पान उघडा.

आकडे हजारांत असतात, पण किलो की पौंड हे विमानाच्या सेटिंगवर अवलंबून. एक किलो म्हणजे २.२ पौंड. किलोवर चालणाऱ्या ७३७ मध्ये १३० टाकले, तर संगणक नाकारतो, आणि ते बरेच. इंधनाच्या बाबतीत तो नेहमीच वाचवत नाही. ६५०० किलोऐवजी ६५०० पौंड भरले, तर टाकीत तीन टनांहूनही कमी इंधन असते. क्रूझमध्ये ७३७-८०० तासाला साधारण अडीच टन जाळते, त्यावरून आकडा पटतो का ते पाहा. राखीवच्या रकान्यात पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि शेवटच्या ३० मिनिटांचे इंधन मिळून भरा. 'यूझिंग आरएसव्ही फ्यूल' आले, तर उतरताना राखीव साठ्याला हात लागेल असा त्याचा अर्थ.

वजनावरूनच टेकऑफचे वेग निघतात. मार्च २००९ मध्ये मेलबर्नहून निघालेल्या एका एअरबस ए३४० च्या टेकऑफच्या हिशेबात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन गेले. शेपूट धावपट्टीला घासली आणि विमान धावपट्टी संपल्यावर हवेत गेले. एक आकडा चुकला होता, दोन नव्हे.

७३७ च्या परफ इनिट पानावर ट्रान्झिशन अल्टिट्यूडही तपासा, म्हणजे ज्या उंचीच्या वर सगळी विमाने उंचीमापक एकाच प्रमाण दाबावर लावतात ती उंची. अनेक विमानांत १८००० आधीच भरलेले असते. ते अमेरिकेचे आहे. हीथ्रोला ६००० आणि फ्रँकफर्टला ५००० फूट.

शेवटची तपासणी

नकाशा प्लॅन मोडवर, म्हणजे पुढची वाट बिंदूबिंदूने पाहता येते त्या मांडणीवर, करा. बोइंगमध्ये लेग्ज पानावरचे 'स्टेप' आणि एअरबसमध्ये वर-खाली बाण वापरून एकेक बिंदू मधोमध आणत पूर्ण वाट चाला. रेघ कुठे तुटते, कुठे अचानक मागे वळते, हे पाहा. मग एकूण अंतर कागदाशी ताडून पाहा. सिड-स्टारमुळे थोडाफार फरक पडतो, पण आकडा शंभर मैलांनी जास्त असेल तर कुठेतरी चुकीचा बिंदू घुसला आहे. शेवटी उंचीच्या अटी चार्टशी जुळवा. बोइंगमध्ये आकड्यानंतर 'ए' म्हणजे तेवढी किंवा वर, 'बी' म्हणजे तेवढी किंवा खाली.

पुशबॅकच्या तोंडावर धावपट्टी बदलली, तर नुसता सिड बदलून भागत नाही. नवी धावपट्टी निवडली की जुना सिड निघून जातो, सांध्यावर नवा खंड येऊ शकतो, आणि टेकऑफचे वेगही पुसले जातात किंवा पुन्हा तपासावे लागतात. म्हणून क्रम असा: धावपट्टी, सिड, खंड, फ्लॅप आणि ट्रिम, वेग, आणि मग पुन्हा एकदा प्लॅन मोडमधला नकाशा, निदान पहिल्या पाच बिंदूंपुरता तरी.