नागपूरची बेडरूम: कूलर, रजया आणि आलमारीचा हिशेब

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही दोन्ही टोकं सांभाळायची तर घरात कूलरही लागतो आणि जाड रजईही. बेडरूममधला बहुतेक पसारा इथूनच सुरू होतो. मे महिन्यात आलमारीच्या मधल्या कप्प्यात स्वेटर पडून असतात, म्हणून रोजचे कॉटनचे कुर्ते खुर्चीवर जातात. डिसेंबरात कूलर खोलीतच उभा असतो, म्हणून रजयांची घडी पलंगाच्या पायथ्याशी साचते. सामान कमी करायचंच आहे, पण त्याआधी कोणतं सामान कोणत्या महिन्यात हाताशी हवं हे ठरवायला हवं.

डबे, बास्केट, ऑर्गनायझर यांची खरेदी सगळ्यात शेवटी करा. आधी आणलेले डबे आलमारीच्या कप्प्यांत बसत नाहीत, मग तेच पसारा होतात.

आधी कूलरच्या हवेची वाट मोकळी करा

कूलर खिडकीतून ओली हवा आत ढकलतो, आणि ती हवा समोरच्या दारातून किंवा खिडकीतून बाहेर गेली तरच खोली थंड होते. समोरच्या खिडकीला आलमारी लावली की खोलीत दमटपणा कोंडतो, अंग चिकचिकतं आणि कपड्यांना कुबट वास येतो. आलमारी कूलरच्या थेट झोतातही नको. तीन-चार महिने रोज ओली हवा लागली की पत्र्याच्या आलमारीला खालच्या कडेला गंज धरतो, आणि पार्टिकल बोर्डाची असेल तर कडा फुगतात. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यातले स्क्रू ढिले पडतात आणि दार लोंबतं. नवीन आलमारी करून घेणार असाल तर १८ मिलिमीटरचं प्लाय घ्या. साध्या भिंतीला आयएस ३०३ या भारतीय मानकाचं एमआर ग्रेड (थोडा दमटपणा सोसणारं) पुरतं. बाथरूमला लागून असलेल्या किंवा कूलरच्या बाजूच्या भिंतीला आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) लावा, खर्च जास्त आला तरी.

मग मोजमाप घ्या. दहा बाय दहाची खोली म्हणजे १२० इंच. पाच बाय साडेसहाचा पलंग ६० बाय ७८ इंच होतो आणि प्लायची आलमारी २४ इंच खोल असते. पलंगाच्या पायथ्यासमोर आलमारी ठेवली तर मध्ये फक्त १८ इंच उरतात. एवढ्यात ना दार पूर्ण उघडतं, ना माणूस वाकू शकतो. तीच आलमारी पलंगाच्या बाजूला ठेवून पलंग समोरच्या भिंतीला टेकवला तर ३६ इंच मिळतात. पलंगाशेजारून चालायला किमान २४ इंच आणि ड्रॉवर ओढायला ३० इंच लागतात. तेवढी जागा नसेल तर सरकत्या दारांची आलमारी घ्या. भिंत आणि आलमारी यांच्यात तीन इंच अंतर ठेवा. तळमजल्यावर हे विसरूच नका, कारण वाळवी भिंतीतून येते आणि चिकटून ठेवलेल्या आलमारीच्या पाठीमागे आत पोचेपर्यंत दिसत नाही.

सामान काढायचा क्रम

एका दिवशी एकच जागा काढा. अख्खी खोली उपसली तर रात्री झोपायला पलंग मोकळा राहत नाही आणि सगळं जसंच्या तसं परत कोंबलं जातं. क्रम असा ठेवा: आधी पलंगावरचं आणि खुर्चीवरचं, मग पलंगाच्या आतलं, मग आलमारी, आणि सज्जा, म्हणजे छताखालचा माळा, शेवटी. सज्जावर जुने फोटो, पत्रं, मुलांच्या वह्या असतात. तिथून सुरुवात केली तर दुपार त्यातच जाते.

काढलेल्या प्रत्येक वस्तूचे ढीग करा: या मोसमात लागणारं, पुढच्या मोसमात लागणारं, दुरुस्तीचं, द्यायचं आणि टाकायचं. दुरुस्तीच्या ढिगाला पंधरा दिवसांची मुदत द्या. तेवढ्यात बटण लागलं नाही, चेन बदलून आली नाही, तर तो कपडा द्यायच्या ढिगात जातो. द्यायचा ढीग त्याच दिवशी पिशवीत भरून दाराशी ठेवा, कारण खोलीत राहिलेली पिशवी पुन्हा उघडली जाते. जुन्या सुती साड्या मात्र टाकू नका, चार-पाच साड्यांत एक चांगली गोधडी होते. कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया, भंगारवाला, गरजू कुटुंबं, यांपैकी कोणाला काय हे आधी ठरवलं की हात अडत नाही.

आपल्याकडच्या बेडरूममध्ये आणखी एक ढीग हमखास निघतो, तो आहेराचा. ब्लाउजपीस, टॉवेल, न उघडलेल्या साड्या, लग्नात आलेल्या ब्लँकेटच्या पिशव्या. यासाठी झाकणाचा एकच डबा ठेवा आणि तो भरला की पुढचं बाहेर काढा. प्रत्येक वस्तूवर कोणाकडून आली त्याची चिठ्ठी टाचा. ज्यांनी दिलं त्यांनाच परत जाण्याची नामुष्की यामुळे टळते.

पलंगाचा बॉक्स आणि दिवाण

बॉक्स पलंगात सहसा चार खण असतात. डोक्याकडचे दोन उघडायला गादी पूर्ण उचलावी लागते, म्हणून तिथे वर्षातून दोनदाच लागणारं ठेवा: रजया, पाहुण्यांच्या गाद्या, जास्तीच्या उशा. पायथ्याचे दोन खण चादरी आणि अभ्र्यांसाठी. चादर आणि तिचे अभ्रे घडी करून त्याच जोडीच्या एका अभ्र्यात भरा, म्हणजे जोडी शोधावी लागत नाही. एका पलंगाला तीन जोड्या पुरतात, एक अंथरलेली, एक धुण्यात, एक घडीत. पाहुण्यांसाठी एक वेगळी. त्याहून जास्त चादरी असतील तर जागा त्यांनीच खाल्लेली असते.

हायड्रॉलिक पलंग घेताना दुकानदाराला गादी कसली आहे ते सांगा. पिस्टन गादीच्या वजनाप्रमाणे बसवतात. फोमच्या गादीसाठी लावलेला पिस्टन कापसाच्या जड गादीचं वजन पेलत नाही, आणि झाकण मध्येच खाली येतं. जुन्या पिस्टनचा जोरही हळूहळू कमी होतो, तेव्हा हात आत घालण्यापूर्वी लाकडी टेकू लावायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. सुताराकडून बॉक्सच्या बाजूच्या फळ्यांना एक इंचाची चार-सहा भोकं पाडून आतून बारीक जाळी मारून घ्या. पूर्ण बंद खणात पावसाळ्याचा दमटपणा अडकतो, आणि बुरशीचे काळे ठिपके आधी पांढऱ्या चादरीवर दिसतात.

रजया आणि लोकरी कपडे बंद करण्याची वेळ

होळीनंतर ते मेअखेर नागपूरची हवा वर्षात सर्वांत कोरडी असते. वर्षभरासाठी बंद करायचं सामान याच काळात बंद करा, कारण डब्यात कोंडली जाणारी हवाही तेव्हा कोरडी असते. रजई तीन-चार तास कडक उन्हात घालून मध्ये एकदा उलटा. घरात आणल्यावर लगेच पिशवीत भरू नका. पंख्याखाली तासभर थंड होऊ द्या. गरम कापूस बंद केला तर त्यातला ओलावा पिशवीच्या आत जमतो. लोकरी कपडे धुऊन, पूर्ण वाळवून मगच ठेवा. कसर लागते ती बहुतेक घामाच्या आणि तेलाच्या डागांवर, म्हणून एकदाच घातलेला स्वेटरसुद्धा न धुता ठेवू नये.

व्हॅक्यूम पिशव्या सिंथेटिक ब्लँकेटसाठी ठीक आहेत. कापसाची रजई आठ महिने दाबून ठेवली तर कापसाच्या गाठी होतात आणि ती पिंजून घ्यावी लागते. रजईला जुन्या सुती चादरीचं गाठोडंच बरं. ब्लँकेटसोबत येणारी प्लास्टिकची चेनवाली पिशवी वापरायची तर एका कोपऱ्याची चेन दोन इंच उघडी ठेवा.

डांबरगोळ्या उष्णतेने लवकर उडतात. मार्चमध्ये टाकलेल्या गोळ्या नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत विरून जातात, आणि पावसाळ्यात, जेव्हा किडे वाढतात, तेव्हा डब्यात काहीच उरलेलं नसतं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टाका, कापडाच्या पुरचुंडीत बांधून. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि पांघरुणांत मात्र डांबरगोळ्या कधीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. तिथे वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून ठेवा.

आलमारीच्या आत

जमिनीपासून अडीच ते साडेपाच फूट ही हात सहज पोचणारी जागा. ती फक्त चालू मोसमासाठी. साडेपाच फुटांच्या वर पुढच्या मोसमाचं, अडीच फुटांच्या खाली जड वस्तू आणि क्वचित लागणाऱ्या पिशव्या. घडीच्या कपड्यांना दोन फळ्यांमध्ये बारा इंच पुरतात. त्याहून जास्त उंची दिली की थप्पी वाढते आणि खालचा कपडा ओढताना सगळी कलंडते. फळी ३० इंचांपेक्षा लांब करू नका, १८ मिलिमीटरचं प्लायही साड्यांच्या वजनाने मध्ये वाकतं. शर्ट आणि दुमडलेल्या पँटला दांडीखाली ४० इंच, कुर्त्यांना ५०, लांब ड्रेसला ६०. दांडी तीन फुटांहून लांब असेल तर मधोमध आधार हवाच.

टीशर्ट आणि आतले कपडे आडव्या थप्पीपेक्षा ड्रॉवरमध्ये उभ्या घड्या करून ठेवा. ड्रॉवर सात-आठ इंच खोल असला की प्रत्येक कपड्याची कड वरून दिसते.

जरीच्या आणि रेशमी साड्या हँगरवर टांगू नका. जरीचं वजन घडीच्या रेषेवर येतं आणि कापड तिथेच विरतं. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या मऊ सुती कापडात सैल गुंडाळून, फार तर चार साड्या एकावर एक. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीचा धागा त्याच दुमडीवर तुटतो. डांबरगोळी साडीला लागू देऊ नका, जरीचा धागा काळा पडतो. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची जुनी सवयही सोडा, शाई रेशमावर उतरते.

खुर्चीवरचा ढीग वेगळ्या कारणाने होतो. तो एकदा घातलेला, अजून धुवायला न टाकलेला कपडा असतो, आणि आलमारीत त्याला जागाच नसते. दाराच्या मागे माणशी तीन ते पाच खुंट्या लावल्या की हा ढीग संपतो. फ्लश दार ३० ते ३५ मिलिमीटर जाड असतं, म्हणून स्क्रू २५ मिलिमीटरपेक्षा लांब नको. विटांच्या भिंतीवर ६ मिलिमीटरचं भोक, प्लॅस्टिकचा गट्टू आणि ३५ मिलिमीटरचा स्क्रू. नवीन इमारतींमध्ये भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, तिथे साधा गट्टू फिरतो. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात, तेच मागा.

सज्जा

वरच्या मजल्यावर सज्जा थेट तापलेल्या स्लॅबखाली असतो. औषधं, फोटो, मेणबत्त्या, इलास्टिकचे कपडे, रेक्झिनच्या बॅगा तिथे टिकत नाहीत. रेक्झिनचे पापुद्रे सुटतात आणि शेजारच्या कपड्यांना चिकटतात. पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दीही नको, ती वाळवीचं आणि झुरळांचं घर होतात. पत्र्याची पेटी किंवा झाकणाचे प्लास्टिकचे डबे वापरा. डब्याचं वजन भरल्यावर दहा किलोंच्या आत ठेवा, कारण तो स्टुलावर उभं राहून उतरवायचा आहे. प्रत्येक डब्याला ठळक आकडा द्या आणि आत काय आहे याची यादी आलमारीच्या दाराला आतून चिकटवा.

कूलर ठेवताना

दिवाळीच्या साफसफाईत कूलर खोलीबाहेर काढता आला तर आठ-दहा चौरस फूट जागा मोकळी होते. लोखंडी स्टँडवर बाहेरून बसवलेला कूलर तिथेच राहू द्या, फक्त खिडकीच्या तोंडाला प्लायची फळी लावा. टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात, पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. वूडवूल (लाकडाच्या किसाचे पॅड) टाकून द्या, हनीकोंबचे पॅड उन्हात पूर्ण वाळवा. पंप लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवून क्षार काढा, आणि पंप, पाण्याचा बॉल, वायर एका पिशवीत भरून ती पिशवी कूलरच्या आतच बांधा. वरून सुती चादर झाका. घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पत्रा आतून गंजतो.