रक्त पातळ करणारी गोळी: संध्याकाळचा डोस चुकू नये म्हणून

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी एपिक्साबान दिली, की दिवसातून दोन गोळ्या ठरलेल्या. सकाळची चहा-पोह्यांबरोबर जाते, तिची काळजी नको.

घोळ होतो संध्याकाळी. आमच्या इंदूरकडे संध्याकाळ घरात जातेच कुठे? राजवाड्यावर खरेदी, मग सराफ्यात खाणं, परतेपर्यंत अकरा. आईंची गोळी सुरू झाली तेव्हा मला ही वेळ बसवायला फार त्रास झाला. सगळे सांगतात, मोबाइलला गजर लावा. गजर वाजतो, माणूस तो बंद करतो आणि म्हणतो, ‘घेते नंतर.’ मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. गोळी रोज होणाऱ्याच कामाला बांधा. आई सातला देवापाशी दिवा लावतात, म्हणून स्ट्रिप निरांजनाशेजारच्या डबीत असते. दिवा लागला, गोळी घेतली, कॅलेंडरच्या चौकटीत पेनाने खूण केली. बाहेर जायचं असेल तर दोन गोळ्या पर्समध्ये. खूण मात्र हवीच, नाहीतर रात्री ‘घेतली की नाही’ हा वाद होतो आणि कुणीतरी दुसरी देऊन मोकळं होतं.

हे इतकं ताणून सांगते, कारण गोळी चुकली तरी काहीच जाणवत नाही. रक्तातलं औषध मात्र साधारण १२ तासांत निम्म्यावर येतं. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत असतो, तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात.

चुकलीच, तर त्याच दिवशी आठवताक्षणी घ्या, पुढची नेहमीच्या वेळी. भरपाई म्हणून दोन एकदम कधीही नाही. हा नियम एपिक्साबानचा. तुमची गोळी वेगळी असेल तर तिचा नियम डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिव्हारोक्साबान २० मिलिग्रॅमची असेल तर पोटभर जेवणाबरोबरच, उपवासाच्या दिवसाचं आधी विचारून ठेवा. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडू नका, मूळ पाकिटातून काढून डबीत भरू नका.

रक्त पातळ झालं की रक्तस्राव सहज होतो, म्हणून गुडघे दुखले तरी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची नाही. दात काढायचा असला तरी गोळी मनाने बंद करायची नाही. शौचाला काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

नवी स्ट्रिप आठवड्याची गोळी शिल्लक असतानाच आणा, पुण्याला लग्नाला निघायचं असेल तर त्याआधी.