छेडछाड डोळ्यांदेखत होत असेल तर मध्ये कसं पडावं?

संध्याकाळची सातारा-कोरेगाव एसटी. गर्दीत एक जण कॉलेजच्या मुलीला मुद्दाम खेटून उभा आहे. ती सरकली की तोही सरकतो. चार जणांना हे दिसतंय आणि चौघंही खिडकीबाहेर बघताहेत. त्या चौघांत तुम्ही असाल, तर काय कराल?

आधी त्याच्याकडे नाही, तिच्याकडे जा. आपल्याकडे पहिला विचार येतो तो चोप द्यायचा. तो सोडून द्या. हाणामारी झाली की गर्दी त्याच्याभोवती जमते, मुलगी कोपऱ्यात एकटीच राहते. शिवाय त्याच्या खिशात काय आहे, सोबत कोण आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

ओळख दाखवा. "अगं, तू इथं? ये, इकडं बस." ओळख नसली तरी तिला बरोबर कळतं, आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता तुम्ही दोघांच्या मध्ये आलेले असता. तिचं नाव, गाव, उतरायचा स्टॉप मात्र मोठ्यानं विचारू नका. तो ऐकत असतो.

एकट्याला धीर होत नसेल तर माणसं जोडा. "कुणीतरी बघा हो" म्हटलं की कुणीच बघत नाही. एकेकाला काम सांगा. "निळा शर्टवाले दादा, ११२ लावा." "मास्तर, गाडी थांबवा." फोनवर आधी ठिकाण आणि गाडीचा नंबर सांगायचा, हकीकत नंतर.

त्याला थेट बोलायचंच असेल तर हाताच्या अंतरावरून, थोडक्यात बोला: "लांब उभे राहा." वाद घालू नका. कायद्याचं नाव घेतलं तर पुष्कळदा काम होतं. याच जिल्ह्यातल्या नायगावहून सावित्रीबाईंनी १८६८ साली जोतीरावांना पत्रात कळवलं होतं की, जातीबाहेर प्रेम केलं म्हणून एका जोडप्याला गावकरी ठार मारायला निघाले होते. त्या धावत तिथं गेल्या, इंग्रजी कायद्यात याचा परिणाम काय होईल ते सांगितलं आणि दोघांचा जीव वाचवला. आज विनयभंगासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ आहे, पाठलागासाठी ७८ आहे.

व्हिडिओ काढायचा तो दुसरं कुणी मदतीला गेलेलं असेल तरच. काढलेला तिच्या हवाली करा. ग्रुपवर टाकू नका, कधीच.

नंतर तिला विचारा: "घरी कुणाला फोन लावू? तक्रार द्यायची असेल तर मी साक्षीला येईन." गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. ती नको म्हणाली तर आग्रह नको. पण मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक त्रास झाला असेल, तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर दार वाजवा आणि "तुमच्याकडं पाणी आलंय का?" एवढंच विचारा. हात थांबतो. जीवावरचं वाटलं तर दाराशी न जाता सरळ ११२. दुसऱ्या दिवशी ती बाई एकटी भेटेल तेव्हा १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगा. नवऱ्याला कधीही "ती म्हणाली" असं सांगू नका. त्याचा राग तिच्यावरच निघतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतं, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही.