सेंद्रिय बागेत कीड आणि माती सांभाळताना या चुका टाळा

मिरचीच्या रोपाची पाने आकसली की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते : कडुनिंबाच्या तेलाची बाटली निघते, फवारणी होते, आठवडाभरात फरक पडत नाही आणि मग ‘सेंद्रिय उपायांचा काही उपयोग नसतो’ असा निष्कर्ष काढला जातो. खरे तर इथे दोष उपायाचा नसून निदानाचा असतो. ज्याला आपण सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो, त्याची किमान तीन वेगवेगळी कारणे असतात. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल, तर सहसा फुलकिडे रस शोषत असतात. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखे दिसत असेल आणि देठ लांबलेला असेल, तर तो बहुधा पिवळ्या कोळ्याचा (जाळे विणणारा कोळी नव्हे, तर रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव, इंग्रजीत ‘माइट’) उपद्रव असतो. पाने बारीक, गोळा झालेली आणि झाड खुजे राहिले असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा संशय घ्यावा. फुलकिड्यांवर कडुनिंब चालतो. कोळी हा मुळात कीटक नसल्यामुळे त्याच्यावर पाण्यात विरघळणारे गंधक अधिक भरवशाचे ठरते. विषाणूवर मात्र कोणतीही फवारणी चालत नाही. रोप उपटून कुंडीपासून दूर न्यावे लागते. भेंडीवरील केवडा रोगाचेही असेच आहे, आणि शिरा पिवळ्या पडलेले झाड ‘सुधारेल’ या आशेवर महिनाभर ठेवणे म्हणजे शेजारच्या झाडांना लागण देणे होय.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की पांढऱ्या कागदावर शेंडा हलकेच झटकावा आणि साध्या भिंगातून पाहावे. लांबट, चपळ, फिकट पिवळसर किडे दिसले तर ते फुलकिडे. काहीच दिसले नाही आणि पाने तरीही आकसत असतील, तर कोळ्याचा विचार करावा, कारण पिवळा कोळी इतका बारीक असतो की साध्या भिंगातूनही सहज सापडत नाही.

कडुनिंब वापरताना

कडुनिंबातील मुख्य घटक अॅझाडिरॅक्टिन हा झुरळ मारण्याच्या औषधासारखा तत्काळ मारत नाही. तो किडीची भूक मोडतो, तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतो आणि अंडी घालणे कमी करतो. साहजिकच फवारणीच्या दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसतात आणि लोक लगेच प्रमाण दुप्पट करतात. ही चूक पानांना महागात पडते. दर लिटर पाण्याला 5 मिलिलिटर तेल आणि त्यासाठी 1 ते 2 मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण पुरेसा असतो, आणि परिणाम पाहण्यासाठी आठवडाभर थांबून मगच पुढची फवारणी करावी.

दुसरी चूक मिसळण्यातली आहे. तेल थेट पाण्यात ओतल्यास ते तरंगते. फवाऱ्यातून आधी नुसते पाणी आणि शेवटी दाट तेल बाहेर पडते, आणि ज्या पानावर ते दाट तेल पडते ते भाजते. आधी साबण आणि तेल थोड्या कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत घोटावे आणि मग उरलेले पाणी घालावे. पुण्या-नाशकाकडच्या हिवाळ्यात तेल बाटलीतच थिजते, तेव्हा ती बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मी एकदा उरलेले मिश्रण पुढच्या रविवारसाठी जपून ठेवले होते; त्या फवारणीने मावा तर गेला नाहीच, उलट जास्वंदीच्या कोवळ्या पानांवर तपकिरी डाग पडले.

तिसरी चूक वेळेची. अॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते आणि तेलाचा थर दुपारच्या तापमानात पान भाजतो, म्हणून फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी. ती पानांच्या खालच्या बाजूवर व्हायला हवी, कारण मावा, पांढरी माशी आणि कोळी तिथेच राहतात. गंधक आणि तेल यांच्यात मात्र किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. दोन्ही एकत्र आले की पाने करपतात.

ज्यांच्याकडे कडुनिंबाचे झाड आहे, त्यांनी जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवून ठेवाव्यात. 5 टक्के अर्कासाठी 50 ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, पाणी एक लिटरपर्यंत भरावे. दोन वर्षे डब्यात पडलेल्या बियांकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा गैरसमज

तंबाखूचा काढा अजूनही बरेच जण सुचवतात. निकोटिन हे तीव्र विष आहे, ते त्वचेतूनही शरीरात जाते, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो. हा उपाय घरच्या बागेत नकोच. गोमूत्रही सरळ ओतले तर त्यातील क्षार आणि नत्र मुळांना पोळतात. ते किमान दहापट पाण्यात पातळ करावे. साबणाच्या नावाखाली कपडे धुण्याची पावडर वापरणे हा आणखी एक प्रकार. तिच्यातील सोडा पानावरचा मेणचट थर खरवडून काढतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र मित्रकीटकांचे होते. पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत कधीकधी मोठे, पांढऱ्या मेणाच्या झालरीचे आणि चटकन धावणारे किडे दिसतात, आणि ‘मोठा ढेकूण’ समजून लोक त्यांनाच आधी चिरडतात. त्या बऱ्याचदा पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) अळ्या असतात. ढेकूण संथ असतो आणि अळी चपळ, एवढी खूण पुरते. मित्रकीटकांचे बळ किती, याचे चांगले उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचे आहे : ही कीड भारतात 2008 मध्ये कोइम्बतूर येथे प्रथम आढळली आणि पुढे महाराष्ट्रातही पसरली, फवारण्या अपुऱ्या पडत असताना 2010 मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या तीन परोपजीवी गांधीलमाश्यांनी ती आटोक्यात आणली.

मुंग्यांकडेही दुर्लक्ष होते. मावा आणि ढेकूण जो चिकट गोड स्राव सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. कुंडीच्या तळाखाली पाण्याची बशी ठेवून मुंग्यांची वाट तोडली, तर निम्मे काम होते.

मातीच्या चुका

किडीचा बराचसा त्रास मातीतून सुरू होतो. अर्धवट कुजलेले शेणखत कुंडीत घातले की त्यातून उष्णता आणि अमोनिया निघतो, वाळवी येते आणि पावसाळ्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) वाढते. शेणखत काळसर, भुसभुशीत आणि शेणाचा वास पूर्ण गेलेले असावे. कोरडा पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा थेट मातीत मिसळल्यास ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र वापरतात आणि रोप पिवळे पडते. तोच पाचोळा वर पसरला तर उत्तम आच्छादन होते. स्वयंपाकघरातला ओला कचरा कुंडीत पुरणेही तसेच चुकीचे. तो आधी कंपोस्टच्या डब्यात पाचोळ्याबरोबर कुजू द्यावा. दुधाचा आणि साखरेचा चहाचा चोथा धुतल्याशिवाय वापरला, तर मुंग्यांना ते उघड आमंत्रण असते.

अंड्याची टरफले आणि चुलीची राख यांबाबत तर महाराष्ट्रात विशेष सावध राहायला हवे. कोकणातील जांभ्याची माती आम्ल असते, तिला थोडी राख मानवते. देशावरील काळी माती मात्र आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) आणि पुष्कळ ठिकाणी चुनखडीयुक्त असते. तिच्यात राख आणि टरफले घालत राहिल्याने सामू (पीएच) आणखी वाढतो, लोह मुळांना मिळेनासे होते आणि मोगरा, जास्वंद, लिंबू यांची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. वाळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर चुनखडी आहे असे समजावे आणि राख बंद करावी. बोअरवेलच्या जड पाण्यानेही हेच होते, तेव्हा पावसाचे पाणी साठवून अशा झाडांना द्यावे. लोहाच्या कमतरतेवर अधिक नत्र देणे हा उपाय नव्हे. आठवडाभर शेणखतात मुरवलेले थोडे फेरस सल्फेट द्यावे. काटेकोर सेंद्रिय पद्धतीतही कमतरता स्पष्ट असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्ये वापरता येतात.

ट्रायकोडर्माची भुकटी कोरड्या मातीवर नुसती भुरभुरली जाते, तीही वाया जाते. ती मुळांच्या रोगकारक बुरशींना रोखणारी जिवंत बुरशी आहे. एक किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात 10 ग्रॅम मिसळून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस वाढू द्यावी आणि मगच मुळांजवळ द्यावी. त्याच काळात तांब्याचे बुरशीनाशक वापरले, तर तिची वाढ खुंटू शकते. आणि कुंडीभोवती बारीक काळी चिलटे घोंघावू लागली असतील, तर औषध शोधण्याआधी पाणी कमी करावे : वरची दोन बोटे माती वाळू दिली की त्यांच्या अळ्या आपोआप कमी होतात.